लाल टोपी, पांढरे ठिपके: माशीमार अळंबीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडून आठवडा झाला की माझ्या व्हॉट्सॲपवर छत्र्यांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या सोसायटीच्या हिरवळीवर उगवलेली, कुणाला मुळशीकडे ट्रेकला दिसलेली. त्यासोबत हमखास एक फॉरवर्डही येतो: लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी आणि खाली 'ऋषीमुनींचा सोमरस हाच!' तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

ही नेमकी कोणती अळंबी?

शास्त्रीय नाव अमानिटा मस्केरिया. लिनियसने १७५३ साली तिचं वर्णन केलं तेव्हा ती 'अगॅरिकस'च्या मोठ्या गोतावळ्यात होती, १७८३ साली लामार्कने तिला अमानिटात आणलं. 'मस्का' म्हणजे लॅटिनमध्ये माशी. रशियन लोक तिला 'मुखोमोर' म्हणतात, म्हणजे शब्दशः माशीमार. जर्मन नावातही माशीच आहे, फ्रेंच नावातही. मराठीत तिला नाव नाही, कारण ती आपल्याकडची नाहीच. मी रशियनांचा शब्द उचलून 'माशीमार' म्हणतो.

तुम्ही ती प्रत्यक्ष पाहिली नसली तरी ओळखता. लहान मुलांच्या पुस्तकात बुटक्याचं घर असतं ते तिचंच, मोबाइलच्या कीबोर्डवरचं अळंबीचं चित्रही तिचंच.

सह्याद्रीत सापडते का? मला ताम्हिणीत लाल छत्री दिसली होती.

लाल छत्री दिसली असेल, पण ती ही नव्हे. माशीमार एकटी जगत नाही. जमिनीखाली तिचे धागे झाडाच्या मुळांना लपेटतात. ती झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. ही सोयरीक तिने मुख्यतः बर्च, पाइन, स्प्रूस अशा थंड मुलखातल्या झाडांशी जुळवलेली आहे. आपल्या अंजन-जांभूळ-हिरड्याच्या रानात तिला जोडीदार नाही. ती मूळची उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यातली, म्हणजे युरोप, सायबेरिया, जपान, उत्तर अमेरिका इथली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे ती पोचली ती लागवडीच्या पाइन रोपांच्या मुळांना चिकटून. भारतात हिमालयात आणि दक्षिणेत परदेशी झाडांची लागवड झालेल्या उंच डोंगरांवर तिच्या नोंदी आहेत.

ताम्हिणीत दिसली ती बहुधा मेण लावल्यासारखी चकचकीत, बोटाच्या पेराएवढी लाल अळंबी असणार. तिच्यावर ठिपके नसतात.

आणि हिरवळीवर बशीएवढी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले? पुण्या-मुंबईतून येणाऱ्या फोटोंत ही सर्वांत जास्त असते. तिच्या टोपीखालचे पडदे जून झाले की हिरवट होतात. ती खाऊन माणूस मरत नाही सहसा, पण उलट्या-जुलाबांनी रात्रभर न्हाणीघराची वाट तुडवतो. नशाबिशा काही नाही.

मग ओळखायची कशी?

मी ती पहिल्यांदा पाहिली जर्मनीत, ऑक्टोबरमध्ये, भाच्याच्या घरामागच्या बर्चच्या राईत. जमिनीतून नुकतं डोकं काढलेलं पिल्लू होतं ते, आणि खरं सांगतो, मी ओळखलं नाही. पांढरं, खरबरीत, लिंबाएवढं अंडं. भाच्याने ते चाकूने उभं कापलं तेव्हा आत टोपीच्या सालीखाली केशरी-पिवळी रेघ दिसली. ते अंड्यासारखं आवरण वाढताना फाटतं आणि त्याचे तुकडे टोपीवर चिकटून राहतात. ठिपके म्हणजे हेच तुकडे. ते रंगवलेले नाहीत, नुसते ठेवलेले आहेत. नखाने ढकलले तर निघतात.

पूर्ण वाढलेली टोपी साधारण ८ ते २० सेंटिमीटर, खालचे पडदे पांढरे, देठ पांढरा, देठावर झालरीसारखी कडी आणि बुडाशी गड्डा, त्यावर खवल्यांची वर्तुळं. पण जोराचा पाऊस झाला की ठिपके धुऊन जातात, ऊन लागलं की लाल उतरून नारिंगी होतो. अशी धुतलेली माशीमार इटलीत मोठ्या आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या 'सीझरच्या अळंबी'सारखी दिसते. त्या खाण्याच्या अळंबीचे पडदे आणि देठ पिवळे असतात, माशीमारचे पांढरे. फरक एवढाच, आणि टोपलीत घाईघाईने भरताना तो सुटतो.

नशा कशाची असते?

दोन रसायनं आहेत: आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल. पहिल्याचं नाव जपानी अळंबीवरून पडलं, कारण ते १९६० च्या दशकात जपानमध्ये वेगळं काढलं गेलं. अळंबी वाळताना आयबोटेनिक आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचं मस्किमॉल होतं.

गंमत अशी की या दोघांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. मेंदूत पेशींना चेतवणारं ग्लुटामेट नावाचं रसायन असतं. आयबोटेनिक आम्ल त्याचं सोंग घेतं. पेशींना शांत करणारं गाबा असतं; मस्किमॉल त्याचं सोंग घेतं. म्हणजे एकाच घासात गाडीचा ॲक्सिलरेटरही दाबला जातो आणि ब्रेकही. कुठल्या अळंबीत कशाचं प्रमाण किती, हे जागेगणिक, हंगामागणिक, एकाच राईतल्या दोन छत्र्यांतही बदलतं.

प्रयोगशाळांत दोन्हींना मान आहे. उंदराच्या मेंदूचा ठरावीक भाग कायमचा निकामी करून पाहायचा असेल तर संशोधक आयबोटेनिक आम्ल टोचतात, तात्पुरता गप्प करायचा असेल तर मस्किमॉल. हे वाचूनही कुणाला ती चाखावीशी वाटली तर मी काय बोलणार!

खाल्ल्यावर नेमकं काय होतं?

अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरुवात होते. मळमळ, उलटी, पाय लटपटणं, दारू प्यायल्यासारखी जीभ जड होणं. मग गुंगी आणि खवळणं यांची आळीपाळी. माणूस पेंगतो, दचकून उठतो, ओरडतो, पुन्हा पेंगतो. स्नायू फडफडतात. वस्तू आहेत त्यापेक्षा मोठ्या किंवा छोट्या दिसतात. शेवटी गाढ झोप, आणि जागं झाल्यावर मधलं बरंचसं आठवत नाही. सगळं साधारण एका दिवसात ओसरतं. लहान मुलांना झटके येऊ शकतात.

माणूस मरतो का?

क्वचित. १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये एक इटालियन काउंट बाजारातून आणलेली अळंबी खाऊन मरण पावला. ती हीच होती, आणि ती प्रसिद्ध घटना अजूनही उदाहरण म्हणून सांगावी लागते, यावरूनच असे मृत्यू किती विरळा ते कळतं.

खरी मारेकरीण तिची चुलत बहीण, फिकट हिरवट टोपीची अमानिटा फॅलॉइडिस. युरोपात अळंबीने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक तिच्या नावावर आहेत. तिचं विष सहा ते बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ गप्प बसतं, मग जुलाब-उलट्या, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. म्हणजे भडक लाल बहीण बदनाम आणि साधी दिसणारी घर बुडवते.

मॅजिक मशरूम म्हणतात ती हीच का?

नाही. चित्रात ही काढतात, बोलतात दुसरीबद्दल. मॅजिक मशरूम म्हणजे सायलोसायबिन असलेल्या, बहुतेक किरकोळ दिसणाऱ्या तपकिरी अळंब्या. त्यातली एक शेणावर उगवते आणि उष्ण देशांत सगळीकडे असते. सायलोसायबिन मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या खिडकीवर जातं, मस्किमॉल गाबाच्या. दोन्हींचा अनुभवही एकमेकांशी जुळत नाही. माशीमारचं चित्र फक्त टी-शर्टवर चांगलं दिसतं, म्हणून हा गोंधळ.

एमबीबीएसच्या पुस्तकात मस्कॅरिन आहे. ते हिच्यातलंच ना?

हिच्यातूनच काढलेलं, १८६९ साली, श्मीडेबेर्ग आणि कोप या दोघांनी. म्हणून तर ते ज्या पेशींवरच्या खिडकीला चिकटतं तिला मस्कॅरिनिक रिसेप्टर हे नाव. पण हिच्यात ते नावापुरतं असतं; लाळ सुटणं, घाम, बुबुळ बारीक होणं अशी मस्कॅरिनची खरी विषबाधा करणाऱ्या अळंब्या वेगळ्याच आहेत. नाव हिचं, माल दुसरीकडे. या नावाने डॉक्टरांनाही बरीच वर्षं चकवलं: मस्कॅरिनवर उतारा ॲट्रोपिन, म्हणून माशीमार खाल्लेल्यालाही ॲट्रोपिन. त्याने भ्रम वाढू शकतो. हल्ली लक्षणं पाहून उपचार करतात, अळंबीचं नाव पाहून नव्हे.

माशा खरंच मरतात का?

टोपी कुस्करून दुधाच्या बशीत टाकायची, ही युरोपातली जुनी युक्ती. तेराव्या शतकातल्या अल्बर्टस मॅग्नसनेही ती लिहून ठेवली आहे. माश्या येतात, पितात, पाय वर करून पडतात. पुष्कळशा थोड्या वेळाने उठून उडूनही जातात. बशीत बुडून मेल्या त्या वेगळ्या. म्हणजे 'माशीझिंग' म्हणायला हवं होतं, पण नाव एकदा पडलं की पडलं.

सायबेरियात लोक ही खाऊन लघवी पीत, हे खरं?

किळसवाणं वाटलं तरी खरं. कामचात्का भागातले कोर्याक आणि त्यांचे शेजारी ही अळंबी वाळवून खात, काही शमनांच्या, म्हणजे तिकडच्या मांत्रिकांच्या, विधीत आणि बाकीचे जत्रेच्या आनंदात. पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या कैदेत सापडून बारा-तेरा वर्षं तिकडे काढलेला स्ट्रालेनबेर्ग नावाचा स्वीडिश अधिकारी १७३० साली लिहितो की श्रीमंतांच्या घरी अळंबीची मेजवानी असली की गरीब लोक लाकडी वाडगी घेऊन बाहेर थांबत आणि पाहुणा लघवीला आला की वाडगं पुढे करत. ही अळंबी तिकडे महाग होती, व्यापारी ती विकायला आणत.

रसायनाच्या अंगाने यात विसंगत काही नाही. मस्किमॉलचा बराचसा भाग शरीरातून न बदलता बाहेर पडतो. रेनडिअरही ही अळंबी खातात. आणि तुम्ही नाक मुरडण्याआधी: स्वमूत्रप्राशनाचा जाहीर पुरस्कार केलेला एक पंतप्रधान आपल्याही देशात होऊन गेला.

मग सोमरस हाच होता का?

सगळ्यांत जास्त हाच प्रश्न येतो, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

ही कल्पना कुणा ऋषीची नव्हे, एका अमेरिकन बँकरची. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेत उपाध्यक्ष. बायको व्हॅलेंटिना रशियन, व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. १९२७ साली डोंगरात फिरायला गेले असता तिने जंगली अळंब्या पाहून आनंदाने ओच्यात भरल्या आणि याला घाम फुटला. एकाच घरात एक अळंबीवेडी आणि एक अळंबीभित्रा. हे असं का, या शोधात त्यांचं आयुष्य गेलं. पुढे १९६८ साली, बायको वारल्यानंतर, वॉसनने पुस्तक काढून मांडलं की ऋग्वेदातला सोम म्हणजे माशीमार अळंबी. नंतरच्या संस्कृत वाङ्मयातल्या सोमाच्या चर्चेचं प्रकरण त्यात वेंडी डॉनिजर यांनी लिहिलं.

त्याचे मुद्दे पोकळ नव्हते. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल, ११४ सूक्तं, सोमाला वाहिलेलं आहे, पण त्यात सोमाचं मूळ, पान, फूल, बी यांचं वर्णन सापडत नाही असं तो म्हणाला. सोम डोंगरावर होतो. मूजवत् पर्वताचं नाव दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात आलंच आहे. रंगाचे शब्द हरि, अरुण, बभ्रु. आणि ९.७४ मधल्या एका ऋचेत 'मेहन्ति', म्हणजे 'मूततात', हे क्रियापद येतं, त्याचा त्याने सायबेरियातल्या लघवी पिण्याशी संबंध लावला. मनुस्मृतीत द्विजांना लसूण-कांद्याबरोबर छत्राकही वर्ज्य आहे, यामागेही जुन्या पवित्र गोष्टीची पुसट आठवण असेल असं त्याला वाटलं.

मला हे पटत नाही. कारण साधं आहे: सोमाची कृती वाचा. दगडांनी कुटायचा, रस काढायचा, मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळायचा, मग त्यात दूध, दही नाहीतर जवाचं पीठ. दिवसातून तीन सवनं, म्हणजे रस काढायच्या तीन वेळा. 'अंशु' म्हणजे धागेदार काडी कुटताना हे सगळं नीट बसतं. मऊ अळंबीला एवढे पाषाण कशाला? ऋग्वेद १०.८५ मध्ये स्वच्छ म्हटलंय, 'सोमं मन्यते पपिवान् यत्सम्पिंषन्त्योषधिम्', वनस्पती कुटतात तेव्हा माणसाला वाटतं आपण सोम प्यायलो. शब्द ओषधि आहे. जॉन ब्रफ या संस्कृत पंडिताने १९७१ साली वॉसनच्या एकेका ऋचेचा अर्थ तपासून त्याला उत्तर दिलं; 'मेहन्ति'चा अर्थ तर पाऊस पाडणारे मरुत् असाही लागतो. आणि सोम पिणारा झोपत नाही, चेततो, लढतो, सूक्तं रचतो. माशीमार खाणारा शेवटी घोरतो.

शिवाय चुलतघराकडे बघा. इराणी परंपरेतला 'हओम' म्हणजे आपला सोमच, स ऐवजी ह. मुंबईतले पारशी दस्तूर यस्न विधीत आजही होमच्या वाळक्या काड्या खलात कुटून गाळतात. त्या काड्या एफेड्राच्या, म्हणजे चेतवणारं एफेड्रिन असणाऱ्या झुडपाच्या. माझं मत तिकडे झुकतं, जरी एफेड्राविरुद्धही आक्षेप आहेतच.

आपल्याकडच्या सोमयागांत वापरतात ती सोमवल्ली तिसरीच: दख्खनच्या डोंगरात होणारी, पानं नसलेली, तोडली की पांढरा चीक गाळणारी वेल. मूळ सोम मिळेनासा झाला तेव्हा आलेला हा बदली खेळाडू. सोम दूरून येई याची खूण विधीतच शिल्लक आहे. सोमविक्रेत्याशी घासाघीस करून तो विकत घ्यायचा, मोबदला म्हणून लालसर रंगाची, पिंगट डोळ्यांची एक वर्षाची कालवड. भाजी बाजारात असते तशी घासाघीस, मंत्रांसकट.

आणि हो, टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ उत्तर ध्रुवाकडे नेलं होतं, म्हणून सायबेरियाची अळंबी त्यांच्या सिद्धान्ताला जोडणारे मेसेजही मला येतात. टिळकांनी त्यात अळंबीचं नाव काढलेलं नाही.

सांताक्लॉज आणि व्हायकिंग?

सांताचा लाल-पांढरा पोशाख, उडणारे रेनडिअर, धुराड्यातून येणं हे सगळं सायबेरियन शमनांकडून आलं, ही गोष्ट डिसेंबरमध्ये फिरते. आजचा सांता एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या कवितांतून आणि व्यंगचित्रांतून घडला. व्हायकिंग योद्धे ही खाऊन पिसाळत, हा तर्क १७८४ साली ओडमान या स्वीडिश माणसाने केला. जुन्या नॉर्स कथांत अळंबीचा पत्ता नाही. पुढे.

उकळून पाणी टाकलं की खाता येते म्हणे?

जपानच्या नागानो भागात ती मुरवून खाण्याची पद्धत होती, आणि विष पाण्यात विरघळतं हेही खरं. पण तिथल्या आज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या, एकाच रानातल्या ओळखीच्या अळंबीवर केलं. यूट्यूब बघून करू नका. आणि उकळण्याने अमानिटा फॅलॉइडिसचं विष जात नाही. ओळख चुकली तर सगळं चुकलं. खायचीच असेल तर श्रावणाआधी वारुळावरची अळंबी येते, विदर्भात सात्या येतात, गोव्यात अळमी. वर्षानुवर्षं तीच विकणाऱ्या बाईकडून घ्या.

गमी, चॉकलेट, कॅप्सूल मिळतात ऑनलाइन. कायदेशीर आहेत का?

भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आहे, मस्किमॉलचं नाव नाही. याचा अर्थ विकायला-खायला परवानगी आहे असा काढू नका. परदेशात नेदरलँड्सने २००८ साली बंदी घातली, ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने विक्री बंद झाली, अमेरिकेत लुइझियाना राज्याचा वेगळा कायदा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अशा 'मशरूम' चॉकलेटांनी शंभराहून जास्त लोक आजारी पडले. तपासणीत मस्किमॉलबरोबर वेष्टनावर न छापलेली इतर औषधंही सापडली. त्या डिसेंबरात तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने ही अळंबी खाद्यपदार्थांत चालणार नाही असं जाहीर केलं. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतल्या चॉकलेटांवर एक नजर टाकायला हरकत नाही.

चांदीचा रुपया, लसूण, तांदूळ... या कसोट्या?

सगळ्या खोट्या. विषारी अळंबीने चांदी काळी पडत नाही, लसूण निळा होत नाही. किडे खातात म्हणून आपल्याला चालते असंही नाही. गोगलगायी विषारी अळंबीही मिटक्या मारत खातात.

कुणी खाल्लीच तर?

१०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. उलटी मुद्दाम काढायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा आणि एकटं सोडू नका. उरलेली अळंबी, मातीतल्या गड्ड्यासकट, कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकमध्ये ती तासाभरात चिखल होते आणि मग कुणालाच ओळखता येत नाही. शिजवलेली असेल तर पातेलंच न्या. किती वाजता खाल्ली ते लिहून ठेवा. सहा तासांनंतर उलट्या सुरू झाल्या तर पहिल्यांदा तेच सांगा, डॉक्टरांसाठी तो आकडा फार मोलाचा असतो.

नुसता हात लावला तर?

काही होत नाही. विष कातडीतून आत शिरत नाही. भाच्याच्या पाच वर्षांच्या मुलीने त्या दिवशी एकेक ठिपका नखाने काढून तळहातावर साठवला होता, बत्तीस झाले म्हणाली. मग आम्ही तिला नळाखाली उभं केलं आणि साबणाने हात धुऊन घेतले.